थरावरचा गोविंदा आणि डेट्रॉइटचा संताप

18 डिसेंबर 2005 ची गोष्ट. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड स्टेडियमवर घरच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे लायन्सचा सामना सिनसिनाटी बेंगल्सशी होता. लायन्सचा रंग निळा आणि चंदेरी, बेंगल्सचा नारिंगी आणि काळा. त्या दिवशी डेट्रॉइटचेच कितीतरी प्रेक्षक मुद्दाम नारिंगी कपडे घालून आले. सामन्याआधी स्टेडियमबाहेर मोर्चाही निघाला. मागणी एकच होती, संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना काढा.

आमच्या शेजारचे आजोबा त्या मोर्चात होते. मोटारीच्या कारखान्यात उभी हयात गेलेला हा माणूस. मी मिशिगनला राहायला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल मला ओ का ठो कळत नव्हता. चेंडू लांबुळका, पायाने जवळजवळ कुणी मारत नाही, आणि दर पाच-सहा सेकंदांनी सगळे थांबतात. आजोबांनी रविवारच्या दुपारी शेजारी बसवून मला तो शिकवला. पण खेळाआधी मला त्यांचा राग कळला. आपल्याकडे 2007 च्या विश्वचषकात भारतीय संघ लवकर बाहेर पडला तेव्हा लोकांनी खेळाडूंचे पुतळे जाळले होते. डेट्रॉइटचा राग मात्र खेळाडूंवर नव्हता. तो कार्यालयात बसून खेळाडू निवडणाऱ्यांवर होता, आणि त्यातही एका विशिष्ट गोष्टीवर: दर वर्षी रिसीव्हरच, म्हणजे चेंडू झेलणाराच का?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आता मुलं हा खेळ बघत वाढताहेत. दर एप्रिलला खेळाडूंच्या निवडीचा सोहळा आला की घरात वाद पेटतो आणि आईबाबांना त्यातलं काही कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. खेळ अजिबात माहीत नसला तरी चालेल.

चार संधी, दहा वार

मैदान शंभर यार्डांचं. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा वारांची पट्टी असते. चेंडू घेऊन समोरच्या पट्टीत पोचलात की सहा गुण, त्याला टचडाऊन म्हणतात. प्रत्येक संघाचे अकरा जण मैदानात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना दहा वार पुढे जायला चार संधी मिळतात. दहा वार झाले की पुन्हा नव्या चार संधी, नाही झाले तर चेंडू समोरच्यांचा.

पुढे जायचे दोन मार्ग. चेंडू पोटाशी धरून धावायचं, किंवा हवेतून फेकायचा आणि पुढे कुणीतरी झेलायचा. फेकणारा तो क्वार्टरबॅक. लांब धावत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर. आणि क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते, तिला आपण नुसतं ‘फळी’ म्हणू. समोरचा बचाव क्वार्टरबॅकवर तुटून पडत असतो आणि फळीने त्याला थोपवायचं असतं. फळी फुटली आणि क्वार्टरबॅक चेंडू हातात असतानाच आडवा झाला, तर त्याला सॅक म्हणतात.

पुढचं सगळं समजायला एवढं पुरे.

रिसीव्हर एकटा काय करू शकतो?

टीव्हीवर रिसीव्हर सगळ्यांत जास्त दिसतो. हवेत उडी, एका हाताने झेल, पट्टीत पाऊल, मग नाच. लहान मुलांच्या अंगावर त्याच्याच नावाचा शर्ट असतो.

दहीहंडी आठवा. सगळ्यांत वर चढलेला लहानगा गोविंदा हंडी फोडतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचाच फोटो येतो. सगळ्यांत खालच्या थरातले दणकट गडी एकमेकांच्या खांद्यांत हात घालून मान खाली घालून उभे असतात, त्यांचे चेहरेही फोटोत दिसत नाहीत. पण खालच्या थरात एकाचा गुडघा वाकला की वरचा गोविंदा कितीही चपळ असला तरी खाली येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर हा सगळ्यांत वरचा गोविंदा आहे. खालचा थर ही फळी, मधला थर क्वार्टरबॅक.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. क्वार्टरबॅकला फेकायला साधारण अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. एवढ्या वेळात रिसीव्हरने किती पावलं धावायचं आणि कुठे वळायचं हे आधीच ठरलेलं असतं, आणि चांगला क्वार्टरबॅक पुष्कळदा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडतो. बांधकामावर विटा वर फेकणारा आणि वर उभा राहून झेलणारा कामगार आठवा. दोघांची लय एकदा बसली की फेकणारा वर बघतही नाही. ही लय एकाच क्वार्टरबॅकबरोबर आणि एकाच शिकवणीखाली महिनोन्‌महिने घोटावी लागते. दोन वर्षांनी शिक्षक बदलला, क्वार्टरबॅक बदलला, की पुन्हा पाटीपूजनापासून सुरुवात.

म्हणून रिसीव्हर हा संघातला सगळ्यांत परावलंबी खेळाडू असतो. त्याची गुणवत्ता शेवटची कडी आहे आणि तिच्याआधीच्या कड्या दुसऱ्यांच्या हातात असतात.

हरलेल्याचा पहिला हात

आता निवडीचं गणित. गल्लीत क्रिकेटचे संघ पाडताना एक जुनी रीत असते, कालच्या हरलेल्या कप्तानाने पहिला गडी मागायचा. अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत 32 संघ आहेत आणि महाविद्यालयांतून येणारे खेळाडू ते याच रीतीने वाटून घेतात. याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. आदल्या हंगामात सगळ्यांत वाईट ठरलेला संघ प्रत्येक फेरीत पहिला, विजेता शेवटचा. म्हणजे वाईट संघाला दर वर्षी चांगला खेळाडू मिळायची सोय नियमातच आहे.

दुसरा नियम पगाराचा. सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून दर संघाला वर्षाची एक मर्यादा असते. 2025 साली ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असो, त्याच्यापलीकडे जाता येत नाही. महिन्याच्या ठराविक पगारात घर चालवण्यासारखंच हे आहे. दिवाणखान्यातल्या झुंबरावर खर्च केला तर छपराची कौलं बदलायला पैसे उरत नाहीत.

म्हणून पहिल्या फेरीतली निवड ही वर्षातली सगळ्यांत मौल्यवान वस्तू. ती कुठल्या जागेसाठी वापरली, यावरून संघ चालवणाऱ्यांच्या मनात काय आहे ते बाहेर येतं.

2003 ते 2007: चार निवडी

मॅट मिलन स्वतः मोठे खेळाडू होते. बचावात खेळत, आणि तीन वेगवेगळ्या संघांकडून चार वेळा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकले. नंतर टीव्हीवर समालोचन करत. जानेवारी 2001 मध्ये लायन्सचे मालक विल्यम क्ले फोर्ड यांनी त्यांना थेट संघाचं अध्यक्षपद दिलं. त्याआधी त्यांनी कुठल्याही संघाच्या कार्यालयात काम केलेलं नव्हतं, प्रशिक्षकही ते नव्हते.

सुरुवात वाईट नव्हती हे आधी सांगायला हवं, कारण रागाच्या भरात लोक ते विसरतात. 2001 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन निवडी फळीसाठी होत्या, जेफ बॅकस आणि डॉमिनिक रायोला. दोघं पुढे दशकाहून जास्त टिकले. 2002 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जोई हॅरिंग्टन आला. इथपर्यंत क्रम बरोबर, आधी खालचा थर, मग मधला.

2003 मध्ये दुसरा क्रमांक हाती होता. निवड झाली रिसीव्हर चार्ल्स रॉजर्सची. सॅगिनॉचा, म्हणजे मिशिगनचाच मुलगा, मिशिगन स्टेट विद्यापीठात गाजलेला. गावाला आनंद झाला. पाच सामन्यांनंतर सरावात त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या हंगामात पहिल्याच सामन्यात पुन्हा मोडलं. मग निलंबन झालं आणि 2006 मध्ये मुक्तता. सगळी कारकीर्द मिळून 36 झेल. त्याच्या लगेच नंतर तिसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने आंद्रे जॉन्सनला घेतलं होतं, तो आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत आहे.

2004 मध्ये सातव्या क्रमांकावर पुन्हा रिसीव्हर, टेक्सासचा रॉय विल्यम्स.

2005 मध्ये दहाव्या क्रमांकावर पुन्हा रिसीव्हर, माइक विल्यम्स. हा मुलगा आदलं अख्खं वर्ष खेळलेलाच नव्हता. व्यावसायिक स्पर्धेत लवकर जायचा त्याचा प्रयत्न न्यायालयाच्या निकालामुळे फसला होता आणि महाविद्यालयानेही परत घेतलं नव्हतं. लगेच पुढच्या क्रमांकावर डॅलसने बचावपटू डिमार्कस वेअरला घेतलं. त्याने पुढे कारकिर्दीत 138.5 सॅक केले आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच फेरीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत आरन रॉजर्स नावाचा क्वार्टरबॅक शिल्लक होता.

सलग तीन वर्षं पहिली निवड रिसीव्हर. त्याच डिसेंबरमध्ये नारिंगी कपड्यांचा तो सामना झाला. आजोबा म्हणतात, “छप्पर गळतंय हे मी दोन वर्षं सांगतोय, आणि हे तिसरं झुंबर आणतात.”

2006 मध्ये एक बचावपटू आला आणि 2007 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चौथा रिसीव्हर, कॅल्विन जॉन्सन.

आता या चार निवडींच्या मधला 2006 चा हंगाम बघा, कारण सगळा मुद्दा तिथे दिसतो. त्या वर्षी लायन्सनी चेंडू भरपूर फेकला. क्वार्टरबॅक जॉन किटना यांनी चार हजारांहून जास्त वार फेक केली. रॉय विल्यम्सने 1,310 वार मिळवले आणि वर्षातल्या निवडक खेळाडूंत त्याची गणना झाली. पण संघात सगळ्यांत जास्त झेल होते माइक फरी याचे, 98. हा फरी ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला खेळाडू, आदल्या वर्षी दुसऱ्या संघात बचावात खेळत होता. म्हणजे तीन मौल्यवान निवडी ज्या जागेवर खर्च झाल्या, तिथलं निम्मं काम एक फुकट मिळालेला माणूस करत होता. आणि त्याच वर्षी किटना 63 वेळा सॅक झाले. सोळा सामन्यांत त्रेसष्ट वेळा जमिनीवर. संघाने सामने जिंकले तीन.

“पण ड्राफ्ट हा नशिबाचाच खेळ ना?”

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाचं पुढे काय होईल हे कुणालाच नक्की कळत नाही. 2017 मध्ये जॉन रॉस नावाच्या रिसीव्हरने चाचणीत चाळीस वार 4.22 सेकंदांत धावून तेव्हाचा विक्रम केला आणि तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला. कारकीर्द फुलली नाही. उलट 2023 मध्ये पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर निवडलेल्या पुका नाकुआने पहिल्याच वर्षी 1,486 वार मिळवून नवख्यांचा विक्रम केला. चार्ल्स रॉजर्सचं हाड मोडेल हे मिलन यांना कसं कळणार?

म्हणून एकट्या रॉजर्सच्या निवडीवर कुणाला दोष देता येत नाही. त्या वेळी बहुतेक जाणकारांनी त्याला वरच धरलं होतं. हा मुलगा 2019 मध्ये अवघ्या 38 व्या वर्षी वारला. त्याच्या नावाने जे टोमणे वर्षानुवर्षं मारले गेले ते आजोबांना आजही सहन होत नाहीत, मलाही नाही. निवडलं जाणं हा काही त्याचा अपराध नव्हता.

पण खेळ नशिबाचा असेल तर शहाणा माणूस काय करतो? कोरडवाहू शेतकरी सगळ्या वावरात एकच पीक घेत नाही. थोडी ज्वारी, थोडी तूर, बांधावर आणखी काही, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. लायन्सनी सगळी पेरणी एकाच जागेवर केली, आणि तीही अशा जागेवर जिचं यश दुसऱ्यांवर सगळ्यांत जास्त अवलंबून. चाहते चिडले ते या हिशेबावर.

माइक विल्यम्सची पुढची गोष्ट हेच सांगते. 2007 मध्ये लायन्सनी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तो जवळजवळ विस्मरणात गेला. मग 2010 मध्ये सिअ‍ॅटलला पीट कॅरल प्रशिक्षक म्हणून आले. महाविद्यालयात त्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी त्याला बोलावलं आणि त्या वर्षी त्याने 65 झेल घेतले. मुलगा तोच होता, फक्त त्याला ओळखणारा माणूस भेटला. डेट्रॉइटमध्ये मिलन यांच्या काळात मुख्य प्रशिक्षक एकामागून एक बदलत राहिले, आणि प्रत्येक जण आपली नवी पद्धत घेऊन आला. अशा घरात कुठलाही रिसीव्हर कसा रुळणार?

“कॅल्विन जॉन्सन तर हिरा निघाला!”

निघाला, आणि तो माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यांत बोलका पुरावा आहे. 2008 मध्ये कॅल्विन जॉन्सनने 1,331 वार मिळवले आणि 12 टचडाऊन झेलले. स्पर्धेतल्या सर्वोत्तम आकड्यांत ते बसतात. त्या हंगामात लायन्सनी सोळापैकी सोळा सामने गमावले. सोळा सामन्यांच्या हंगामात एकही न जिंकणारा एनएफएलमधला हा पहिलाच संघ. बचावाने 517 गुण दिले होते. म्हणजे गोविंदा दर वेळी हंडीपर्यंत पोचत होता आणि तेवढ्यात मागे घर लुटलं जात होतं.

2012 मध्ये त्याने एका हंगामात 1,964 वार मिळवण्याचा विक्रम केला. 2012 च्या जानेवारीत बाद फेरीच्या सामन्यात एकट्याने 211 वार मिळवले, तरी संघ हरला. नऊ हंगाम खेळून, शरीर झिजवून, 30 व्या वर्षी तो निवृत्त झाला. बाद फेरीतला एकही सामना त्याला जिंकता आला नाही. 2021 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. निवड अचूक होती, तरी भूक भागली नाही. म्हणून ‘निवड बरोबर की चूक’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. त्या निवडीभोवती संघ उभा केला का, हे विचारायला हवं.

इतकं ओरडून उपयोग का झाला नाही?

युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. उत्पन्न बुडतं, मालक घाबरतो. एनएफएलमध्ये असं काही नाही. सगळ्यांत वाईट संघही पुढच्या वर्षी तिथेच खेळतो, वर ड्राफ्टमध्ये पहिला हात त्याचा. टीव्हीच्या देशव्यापी करारांचे पैसे 32 संघांत समान वाटले जातात, सगळेच्या सगळे सामने हरलात तरी वाटा तेवढाच. कमजोर संघांना उभं राहता यावं म्हणून ही व्यवस्था केली गेली आणि तिचा हेतू चांगलाच आहे. पण तिचीच दुसरी बाजू अशी की आळशी कारभाराला बाहेरून कुणीच शिक्षा करत नाही. शिक्षा करू शकतो फक्त मालक.

आणि लायन्सचे मालक विल्यम क्ले फोर्ड हे हेन्री फोर्ड यांचे नातू. 1963 मध्ये त्यांनी 45 लाख डॉलरला संघ घेतला. माणसांवर विश्वास टाकला की सहसा काढायचे नाहीत. माणूस म्हणून हा गुण असेल, पण संघाला तो फार महाग पडला. मिलन यांच्या कारकिर्दीचा हिशेब 31 विजय आणि 84 पराभव असा आहे. ‘मिलनला काढा’ ही घोषणा फुटबॉलच्या मैदानापुरती उरली नव्हती, शहरातल्या बास्केटबॉलच्या सामन्यांतही ती ऐकू यायची. सप्टेंबर 2008 मध्ये मालकांचे चिरंजीव आणि संघाचे उपाध्यक्ष बिल फोर्ड यांनी पत्रकारांना जाहीरपणे सांगितलं की आपल्या हातात असतं तर आपण मिलन यांना बदललं असतं. त्यानंतर दोनच दिवसांनी, 24 सप्टेंबरला मिलन गेले. घरातल्याच माणसाने चारचौघांत बोलावं लागलं तेव्हा हललं.

मोटारीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे किती लागत असेल याचा विचार करा. त्याच्या विभागात सलग तीन वर्षं गाडी बिघडून बाहेर पडली असती तर त्याला कामावर ठेवलं असतं का? स्टेडियमवर नाव त्याच घराण्याचं होतं.

दुसऱ्या गावांतली तक्रार

ही तक्रार डेट्रॉइटचीच आहे असं नाही. ग्रीन बे पॅकर्सच्या चाहत्यांची नेमकी उलट. 2020 मध्ये संघ स्पर्धेच्या उपांत्य टप्प्यापर्यंत पोचला होता. आरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक होता, एखादा चांगला रिसीव्हर मिळाला की झालं असं सगळ्यांना वाटत होतं. संघाने पहिल्या फेरीत दुसरा क्वार्टरबॅक घेतला, जॉर्डन लव्ह, आणि सातही फेऱ्यांत एकही रिसीव्हर घेतला नाही. 2002 नंतर पहिल्या फेरीत रिसीव्हर घ्यायला त्यांनी थेट 2025 उजाडू दिलं. विशेष म्हणजे या संघाला एक मालक नाही, पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. तरी कुठला खेळाडू घ्यायचा यात त्यांना काडीचा अधिकार नाही, राग व्यक्त करायला मात्र ते सगळ्यांत पुढे असतात.

फिलाडेल्फियाची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. 2020 मध्येच ईगल्सनी एकविसाव्या क्रमांकावर जेलन रेगर हा रिसीव्हर घेतला. पुढच्याच क्रमांकावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला घेतलं. जेफरसनने पहिल्याच वर्षी 1,400 वार मिळवले आणि 2022 मध्ये 1,809 वारांसह स्पर्धेत पहिला आला. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी कार्यालयाला सळो की पळो केलं. पण संघाचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारे प्रमुख, हाउई रोझमन यांनी चूक कवटाळली नाही. 2021 मध्ये डिव्होंटा स्मिथला घेतलं, 2022 मध्ये दुसऱ्या संघाकडून ए. जे. ब्राउनला आणलं, आणि रेगरला दुसरीकडे पाठवलं, तेही मिनेसोटालाच. दरम्यान फळी मजबूत ठेवली. फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीला 40-22 असं हरवून सुपर बोल जिंकला.

चूक दोन्हीकडे झाली. डेट्रॉइटमध्ये तीच चूक पुन्हापुन्हा होत राहिली, फिलाडेल्फियात दोन वर्षांत दुरुस्त झाली. नेतृत्व मोजायला मला यापेक्षा चांगली फूटपट्टी सापडलेली नाही.

“मग रिसीव्हर घ्यायचाच नाही का?”

घ्यायचा, पण क्रमाने. याचं उत्तरही शेवटी डेट्रॉइटनेच दिलं.

2020 मध्ये संघाची सूत्रं शीला फोर्ड हँप यांच्याकडे आली, विल्यम क्ले फोर्ड यांची ही मुलगी. जानेवारी 2021 मध्ये त्यांनी ब्रॅड होम्स यांना जनरल मॅनेजर नेमलं, डॅन कॅम्पबेल यांना प्रशिक्षक. होम्स अनेक वर्षं दुसऱ्या संघात खेळाडू पारखण्याचंच काम करत वर आले होते. त्या एप्रिलमध्ये लायन्सचा क्रमांक सातवा होता. संघात धड रिसीव्हर नव्हते आणि गाजलेला डिव्होंटा स्मिथ समोर शिल्लक होता. होम्सनी फळीतला खेळाडू घेतला, पेनी सूअल.

रिसीव्हर त्यांनी चौथ्या फेरीत घेतला, 112 व्या क्रमांकावर. आमॉन-रा सेंट ब्राउन. त्याच्याआधी त्या वर्षी सोळा रिसीव्हर निवडले गेले होते. त्या सोळाही जणांची नावं त्याला आजही तोंडपाठ आहेत. 2023 मध्ये त्याने 119 झेल घेतले आणि वर्षातल्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली.

फळ लगेच मिळालं नाही. पहिल्या वर्षी तीनच विजय. या वेळी मालकांनी थांबायचं ठरवलं, आणि थांबण्यात अर्थ होता, कारण दर वर्षी एक थर भरला जाताना दिसत होता. एकाच प्रशिक्षकाखाली, एकाच क्वार्टरबॅकबरोबर. पुढच्या वर्षी नऊ विजय, त्यापुढे बारा, 2024 मध्ये पंधरा. थांबणं 2005 मध्येही चालूच होतं, पण तेव्हा काहीच बांधलं जात नव्हतं. चाहत्याला या दोन्हींतला फरक बरोबर कळतो.

तेव्हा घरातली मुलं ‘हा रिसीव्हर का नाही घेतला’ म्हणून आदळआपट करतील तेव्हा त्यांना गप्प करू नका. त्यांना आणखी तीन गोष्टी विचारा: संघाच्या फळीतली पाच माणसं कोण आहेत, क्वार्टरबॅक गेल्या वर्षी किती वेळा सॅक झाला, आणि निवडणारा माणूस गेल्या तीन वर्षांत काय-काय निवडत आलाय. बहुतेक वेळा राग बरोबर निघतो, फक्त पत्ता बदलतो.

14 जानेवारी 2024 च्या रात्री लायन्सनी फोर्ड फील्डवर लॉस एंजेलिस रॅम्सना 24-23 हरवलं. बाद फेरीतला हा विजय बत्तीस वर्षांनी आला होता. शेवटची दोन मिनिटं उरली होती, आणखी एकदा दहा वार मिळाले की सामना खिशात. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने चेंडू फेकला आणि तो झेलला सेंट ब्राउनने. आमच्या दिवाणखान्यात सगळे उठून ओरडत होतो. आजोबा बसूनच होते, डोळे पुसत होते. मग त्यांनी माझ्या मुलीला तो क्षण मागे न्यायला सांगितला. झेलाकडे नको बघू म्हणाले, फळीकडे बघ. तिने तीन वेळा मागे नेला, आणि तिसऱ्यांदा पाचही जणांवर एकेक करून बोट ठेवलं.